सगुणाबाईच्या गाडीखालचा डबा

तुमच्या पोटापाण्याच्या जागेखाली कुणीतरी तुम्हाला न विचारता एक डबा ठेवला. त्या डब्यावरून भर बाजारात तुमच्यावर भानामतीचा आळ आला. आणि डबा ठेवणारी त्याच गर्दीत उभी राहून गप्प बसली. तर तुम्ही माफ कराल का?

लगेच हो म्हणू नका. हो म्हणणारे मला लय भेटले. त्यातल्या एकाचीही गाडी कधी कुणी हलवली नव्हती.

सगुणाबाईनं माफ केलं नाही, म्हणून तिच्यावर लिहायला बसलोय. माफ करणाऱ्या बायांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

परभणीत स्टेशनातून बाहेर पडून बसस्टँडकडं निघालं की एक गल्ली लागते. महापालिकेच्या दप्तरी तिचं नाव वेगळं आहे, पण रिक्षावाल्याला ‘चायना टाऊन’ म्हणा, तो सरळ तिथं नेऊन सोडतो. एका बाजूला चायनीजच्या लाल गाड्या, समोर चायना मालाची दुकानं. मोबाईलची कव्हरं, लुकलुकणाऱ्या माळा, बॅटऱ्या, बाहुल्या, छत्र्या. चिनी माणूस या गल्लीनं एकही पाहिलेला नाही. तळणारे आपलेच, विकणारे आपलेच, आणि एकमेकांच्या पोटावर पाय देणारेही आपलेच.

गल्लीच्या तोंडाशी, कोपऱ्यावर, पहिली गाडी सगुणाबाईची. ‘सगुणा चायनीज’. पाटीवरचा ड्रॅगन ज्या पेंटरनं काढला त्यानं ड्रॅगन कधी पाहिला नव्हता, घोरपड मात्र पाहिली असावी. कुणी हसलं की बाई म्हणायची, “घोरपडच हाय ती. एकदा धरलं की सोडत न्हाई.”

माहेर पिंगळीचं, दिलं पूर्ण्याला. नवरा सूर्यभान रेल्वेच्या ठेकेदाराकडं रुळाच्या कामावर. काविळीनं गेला. सासरच्यांनी तिला माहेरी पोचवायचं ठरवलं, तर ही पिंगळीला उतरलीच नाही. त्याच गाडीनं पुढं परभणीला आली आणि लग्नाच्या केटररकडं कोबी चिरायला बसली. तिथं चायनीजच्या काउंटरला एक नेपाळी आचारी असायचा. एका लग्नात तो दारू पिऊन मंडपामागं आडवा झाला. वऱ्हाड ताटं घेऊन ताटकळलेलं. हिनं पदर खोचला आणि कढई हातात घेतली. लोक पुन्हा पुन्हा येऊन खाऊन गेले. केटररनं कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा कोबीच्या ढिगापाशी बसवलं. त्यानंतर ती त्याच्याकडं गेली नाही.

कोपरा तेव्हा उकिरडा होता. तिनं तो स्वतः उपसला, मुरूम टाकला, फरशा बसवल्या, गाडी लावली. चटणी बाजारातून आणली नाही. लाल मिरची भिजवून, लसूण आणि कारळं घालून पाट्यावर वाटायची. चिनी माणसानं खाल्ली असती तर त्याला ती ओळखू आली नसती. परभणीच्या माणसाला मात्र आली. गाडी चालली.

तिचा स्वभाव कळावा म्हणून एक गोष्ट सांगतो. एकदा एक पांढऱ्या कपड्यातला माणूस नूडल्स खाता खाता म्हणाला, “बाई, चव लय भारी. पर तुमच्या हातचं सगळ्यांना चालतं का?” सगुणाबाईनं त्याचं खाणं होऊ दिलं, वर पाणी दिलं. मग त्याच्या हातातली स्टीलची प्लेट घेतली आणि त्याच्यादेखत कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकली.

“ओ, प्लेट कामून टाकली?” तो म्हणाला.

“तुमी खाल्लेली प्लेट मी परत वापरत नसते,” ती म्हणाली.

अशी बाई. आता योगीराजबद्दल.

योगीराज गंगाखेडकडचा, घरी ऊस. गल्लीत सगुणाबाईच्या लय नंतर आला, पण आला तो दुप्पट रुंदीची गाडी, फ्रीज आणि स्पीकर घेऊन. पाच-सहा दुकानदार गोळा करून गल्लीची संघटना काढली आणि स्वतःच अध्यक्ष झाला. त्याची गाडी सगुणाबाईच्या शेजारी, म्हणजे दुसरी. स्टेशनातून येणारं गिऱ्हाईक आधी कोपरा बघतं. योगीराज रोज संध्याकाळी स्वतःच्या गाडीवर उभा राहून त्या कोपऱ्याकडं बघायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, मी हातगाडीवाल्यांच्या युनियनचं काम करतो, माझं संध्याकाळचं बसणं तिथंच.

रविवारी मात्र गल्लीत वेगळीच माणसं यायची. नांदेडची, लातूरची, कधी हैदराबादची. पाठीवर सॅक, हातात मोबाईल, मान खाली. गल्लीत फेऱ्या मारायची, इकडं बघायची, तिकडं बघायची, कुणाचं लक्ष नाहीसं बघून खाली वाकायची, आणि मग हसत हसत सगुणाबाईच्या गाडीवर येऊन नूडल्स खायची. खाऊन झालं की समोर मुंजाजीच्या दुकानातून माळा नाहीतर कीचेन घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं जायची. त्यांना घेऊन यायची ती अपेक्षा नावाची पोरगी. बँकेत नोकरीला, पुण्याकडची, वय असेल पंचविशीचं. “मावशी, हाफ नूडल्स, कांद्याची पात जास्ती,” असं दर रविवारी. सगुणाबाई तिला हाफच्या भावात फुल्ल द्यायची. म्हणायची, “लेकरू घरापासून लांब हाय.”

हे लोक करत काय होते ते आम्हाला ठाऊक नव्हतं. नंतर कळलं ते आधीच सांगतो, म्हणजे तुमचा गोंधळ नको. जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे. कुणीतरी एखाद्या ठिकाणी डबा लपवतो आणि त्या जागेचं गणित मोबाईलवर टाकतो. बाकीच्यांनी मोबाईलमधल्या बाणाच्या मागं जायचं, डबा शोधायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं. आतली वस्तू हवी तर घ्यायची, बदल्यात आपली एखादी ठेवायची, आणि डबा होता तिथं ठेवून द्यायचा. बाहेरच्या माणसाला कळू द्यायचं नाही, यातच मजा. गाव हिंडणं होतं, खाणं होतं, खरेदी होते. खेळ वाईट नाही. त्या खेळाचाच एक नियम आहे, जागा ज्याची त्याला विचारल्याशिवाय डबा ठेवायचा नाही. अपेक्षानं सगुणाबाईच्या गाडीमागच्या सुट्या फरशीखाली डबा ठेवला आणि विचारलं नाही. हातगाडीवालीला कसलं विचारायचं, असं वाटलं असणार.

त्या उन्हाळ्यात योगीराजच्या दोन्ही हातांवर पुरळ उठलं. भट्टी, तेल, घाम. दवाखान्याचं मलम लावलं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. अशात एका रविवारी त्याच्या नोकरानं पाहिलं की एक अनोळखी पोरगा सगुणाबाईच्या गाडीमागं उकिडवा बसून फरशीखाली हात घालतोय. पोरगा गेल्यावर त्यानं फरशी उचलली. खाली स्टीलचा छोटा डबा, त्याला लाल दोरा बांधलेला.

डबा भर गल्लीत उघडला. आत काळ्या केसांची बोटाएवढी बाहुली, तिच्या छातीत बिल्ल्याची पिन टोचलेली. एक लिंबू. काळा गंडा. दोन परदेशी नाणी. आणि घडी घातलेला कागद, त्यावर नावंच नावं.

तुम्ही मराठवाड्यातले असाल तर पुढचं सांगायला नको. आमच्याकडं लिंबू, पिन आणि बाहुली एका डब्यात दिसली की शिकलेला माणूससुद्धा दोन पावलं मागं सरतो. लिंबू प्लास्टिकचं होतं. ते कीचेन होतं, बाहुलीसारखंच खेळायला आलेल्या कुणीतरी डब्यात ठेवलेलं. मुंजाजीच्या दुकानात दाराशीच टांगलेलं असायचं. मुंजाजी पुढंच उभा होता, त्यानं आपला माल ओळखला आणि तोंड मिटून घेतलं.

योगीराजनं दोन्ही हात वर करून लोकांना दाखवले. “माझे हात कामून सडायलेत ते आता कळलं का? शेजारी बसून बाई भानामती करायलीय.”

सगुणाबाई कढई ठेवून पुढं आली. “योगीराज, आमच्या आज्यानं छप्पन सालीच घरातले सगळे देव गंगेत सोडले. देवाला हात न जोडणारी मी, लिंबू मंतरत बसू व्हय? कुणाचं डबडं हाय मला मालूम न्हाई.”

“तुझ्या गाडीखाली हाय, मंग कुणाचं असंल?”

गर्दी वाढली. अपेक्षा त्या गर्दीत होती. मुंजाजीच्या दुकानासमोर, मोबाईल हातात घेऊन. सगुणाबाईनं तिला पाहिलंही. वाटलं, ओळखीचं लेकरू हाय, निदान एक तरी चेहरा आपल्या बाजूचा. थोड्या वेळानं बघितलं तर लेकरू गेलं होतं.

योगीराजनं तंदूरचा लांब चिमटा आणला, त्यात डबा धरला, तोंड वळवून तो नालीत टाकला आणि चिमटाही टाकून दिला. लोकांना तेच जास्त पटलं. नवा चिमटा कोण फुकट टाकेल?

सगुणाबाई नालीत उतरली. हातानं डबा काढला, पदरानं पुसला आणि घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर मीठ आणि गोमूत्र शिंपडलेलं होतं आणि योगीराजची गाडी पुढं सरकून तिथं लागलेली होती. संघटनेनं म्हणे ठरवलं. सगुणाबाईला गल्लीच्या पार आतल्या टोकाला, मुतारीच्या भिंतीला जागा मिळाली. तिथं वास असा की लसूण करपवला तरी कळू नये. आणि वास नसता तरी गिऱ्हाईक आलं नसतं. रोजची माणसं दुरून नमस्कार करायची आणि योगीराजकडं वळायची.

आता मला विचारा, योगीराजचा भानामतीवर विश्वास होता का? डबा सापडला त्याच आठवड्यात तो पुरळ घेऊन पुन्हा दवाखान्यात जाऊन आला. भानामती झालेला माणूस मलम कशाला आणेल? त्याला कोपरा पाहिजे होता. कोपऱ्याखालून डबा निघाला, त्याचं काम झालं.

डब्यातला कागद सगुणाबाईनं माझ्याकडं आणला. मी सातवीपर्यंत शिकलो, इंग्रजी मात्र पाट्या आणि सरकारी नोटिसा वाचत वाचत शिकलो. कागदाच्या डोक्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की हा एका खेळाचा डबा आहे, कृपया हलवू नका. मी तो कागद घेऊन योगीराजसमोर उभा राहिलो, मोठ्यानं वाचला, मराठीत सांगितला.

योगीराज हसला. “आता मंतर बी इंग्रजीत यायलेत, धम्मदीप. जमाना पुढं गेला.”

आजूबाजूचे हसले. माझा हात उठणार होता, सगुणाबाईनं मनगट धरलं.

मग मी मोबाईलवर तो खेळ शोधला. डब्याचं पान सापडलं. ‘चायना टाऊन, परभणी: शोधा, खा, खरेदी करा.’ पानावर फोटो सगुणाबाईच्या गाडीचा. घोरपड स्पष्ट दिसत होती. आणि फोटोत प्लेट धरून हसणारी अपेक्षा. खाली तिनंच टाकलेली ताजी ओळ होती: स्थानिक लोकांनी डबा काढून टाकला, सध्या बंद. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. घरी जाऊन तिनं मोबाईलवर डबा बंद केला होता, बाईवरचा आळ मात्र तसाच चालू ठेवला होता.

मी तो फोटो सगुणाबाईला दाखवला. तिनं फोटोतल्या प्लेटवर बोट ठेवलं. “पात जास्ती,” एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी अपेक्षा स्टेशनकडून येताना दिसली. सगुणाबाई मुद्दाम रस्त्यात जाऊन उभी राहिली. अपेक्षानं तिला पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं निघून गेली. सगुणाबाई परत आली ती बदललेली. आधी रागात होती. आता शांत झाली होती, आणि तिची शांतता मला रागापेक्षा जास्त आवडली.

मी म्हणालो, “आक्का, कायदा हाय. कुणाला भानामतीवाली ठरवणं गुन्हा हाय. आपण तक्रार देऊ.”

“देऊ की. मग काय व्हईल?”

“बोलावतील. समज देतील.”

“समज घिऊन त्यो घरी जाईल, जेवंल, झोपंल,” ती म्हणाली. “मला तेवढ्यावर भागवायचं न्हाई. त्यानं ज्या लोकांसमोर डबा चिमट्यानं धरला, त्याच लोकांसमोर त्याला हातानं धरू दे. तू मला त्यो खेळ शिकव.”

मला तरी कुठं येत होता. दोघं शिकलो. मी नांदेडच्या एका डब्याचं ठिकाण काढलं आणि रविवारी गेलो. सगुणाबाई मोबाईल ताटासारखा आडवा धरून पुढं, मी मागं.

“ह्यो बाण सारखा फिरायलाय रं. याला आधी कुटं जायचं ते ठरवू दे, मग आपण जाऊ.”

“आक्का, जवळ आलं की बाण चुकतो. शेवटचं आपणच बघायचं असतं.”

“मग त्यो काय कामाचा? शेवटचं आपणच बघायचं तर मानूस बी तसाच की.”

एका पुलाच्या कठड्यामागं डबा सापडला. तिनं कागदावर सही केली, ठसठशीत. डब्यातली एक बांगडी घेतली आणि स्वतःच्या पिशवीतली लसणाची गड्डी ठेवली. परत येताना आगगाडीत ती पहिल्यांदा हसली. “खेळ चांगला हाय. वाईट खेळणारे हायेत.”

अशात दिवाळीआधी गल्लीच्या तोंडाशी मोठं बॅनर लागलं. ‘चायना टाऊन खाऊ आणि खरेदी जत्रा. आयोजक: गल्ली व्यापारी संघटना.’ मध्ये योगीराज हात जोडून. आणि त्याच्याखाली, नीट वाचा, ‘खास आकर्षण: मोबाईल घ्या, डबा शोधा. मार्गदर्शन: कुमारी अपेक्षा.’ शेजारी डब्याचं चित्र. स्टीलचाच.

झालं असं होतं की अपेक्षानं स्वतः होऊन योगीराजला खेळ समजावून सांगितला होता. एखादी जत्रा करू, लोकांना कळेल की डबा म्हणजे खेळ, प्रकरण आपोआप मिटेल, असा तिचा हिशोब. योगीराजला त्यात धंदा दिसला. खेळ त्याला पटला, डब्याचं चित्र छापण्याइतका पटला. पण त्या चित्राखाली सगुणाबाईबद्दल एक अक्षर नाही, आणि कोपऱ्यावरून गाडी एक वीतभर मागं नाही.

बॅनर बघून मी दगड शोधायला लागलो. सगुणाबाईनं थांबवलं.

“फाडू नको. राहू दे. त्यानं लिवून दिलंय, डबा म्हंजे खेळ. सहीसकट.”

जत्रेच्या दिवशी सकाळी डब्यांची ठिकाणं मोबाईलवर आली. मी बघितली. बाकीचे डबे दुकानादुकानांत होते, शेवटचा होता कोपऱ्यावर, योगीराजच्या गाडीमागं, त्याच सुट्या फरशीखाली. जागा सोयीची होती म्हणून पुन्हा तीच. या लोकांना लाज अशी ठिकाणाला चिकटलेली नसते.

दुपारी गल्ली रिकामी असते. गाड्या झाकलेल्या, दुकानदार जेवून पेंगलेले. सगुणाबाई खराटा घेऊन कोपरा झाडायला गेली. झाडणाऱ्या बाईकडं कोण बघतं? तिनं फरशी उचलली, जत्रेचा चकचकीत नवा डबा काढून टोपलीत टाकला, आणि पिशवीतून जुना काढून तिथं ठेवला. नालीत पडून पोचा आलेला, लाल दोऱ्याचा. बाहुली, पिन, लिंबू, गंडा, सगळं जसंच्या तसं. फरशी लावली, वरून झाडलं, आली.

संध्याकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका, पोरं, कॉलेजची मुलं, सगळ्यांच्या हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात प्लेट. एकेक डबा सापडत गेला, कुपनं वाटली गेली, मुंजाजीच्या दुकानातल्या छत्र्या संपल्या. शेवटी सगळा लोंढा कोपऱ्यावर आला. योगीराजनं माईक घेतला. अपेक्षा शेजारी उभी.

“शेवटचा डबा आपल्याच पायाशी हाय मंडळी. मान म्हणून ह्यो मी काढतो.”

वाकला, फरशी सारली, हात घातला आणि डबा वर धरला. तोंड फोटोवाल्यांकडं. त्यामुळं त्याच्या हातात काय आहे ते त्याच्याआधी लोकांनी पाहिलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “आगं बाई, ह्यो तर त्योच.”

योगीराजनं बघितलं. झाकण सैल होतं, बाहुली अर्धी बाहेर आली होती.

सगुणाबाई गर्दीतून पुढं आली. “टाकू नको. नीट धर. तवा चिमट्यानं धरला व्हतास. आज हातानं कामून?”

“हे इथं कुनी ठिवलं?”

“खेळ हाय की. कुनीबी ठिवतं, कुनीबी काढतं. तुझ्याच बॅनरवर लिवलंय.”

“बाई, कार्यक्रमात खोडा घालू नका.”

“न्हाई घालत. एक इचारते आन् जाते. सांग लोकायला, हातात हाय ते काय हाय? खेळ का भानामती?”

आता त्याची गंमत बघा. भानामती म्हणावं, तर त्याच्याच गाडीखालून निघालेली, त्याच्याच हातात. त्याच्या गाडीवरचा घास कुणी तोंडात घालणार नाही. खेळ म्हणावं, तर तेव्हाही खेळच होता आणि एका बाईला त्यानं खोटं बोलून मुतारीपाशी पाठवलं. तो इकडं बघायला लागला, तिकडं बघायला लागला. तेवढ्यात एका आईनं आपल्या पोराच्या हातातली योगीराजच्या गाडीवरची प्लेट काढून घेतली आणि खाली ठेवली. तिचं बघून दुसरीनं ठेवली. मी सांगतो, त्या प्लेटा खाली टेकल्याचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो आणि झोप गोड लागते.

“खेळ हाय,” योगीराज म्हणाला.

“माईक हाय ना हातात? त्यात बोल.”

“खेळ हाय.” आता गल्लीभर घुमलं.

“आन् तवा?”

योगीराजनं माईक खाली घेतला, पुन्हा तोंडाशी आणला.

“तवाबी खेळच व्हता.”

सगुणाबाई अपेक्षाकडं वळली. “पोरी, डबा कुणाचा?”

“माझा, मावशी.”

“कवापासून?”

“पहिल्यापासून माझाच.”

“त्या दिवशी तू कुटं व्हतीस?”

“इथंच. मुंजाजीकाकांच्या दुकानासमोर.” ती रडायला लागली. “मला भीती वाटली, मावशी.”

“मलाबी वाटली व्हती,” सगुणाबाई म्हणाली, आणि तिच्याकडं पाठ केली.

आमची गाडी तयारच होती. युनियनची चार पोरं घेऊन मी मुतारीपासून ढकलत आणली. मुंजाजी पळत आला चाकाला हात द्यायला.

“हात काढ,” सगुणाबाई म्हणाली. “लिंबू वळखलं व्हतंस ना? तुझा हात तवा पायजे व्हता.”

योगीराजची गाडी त्याच्याच नोकरानं मागं घेतली. सगुणाबाईनं कोपऱ्यावर भट्टी पेटवली, कढई तापवली, ट्रिपल राईस केला आणि त्यावर कारळाची चटणी अशी थापली की खालचा भात दिसेना. प्लेट घेऊन ती योगीराजसमोर गेली.

“खा. माझ्या हातचं. म्हंजे लोकायला बी कळंल की काय व्हत न्हाई.”

त्यानं खाल्लं. तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी, पाचव्याला नाकातून. पाणी मागितलं, सगुणाबाईनं ऐकलं नाही. कमरेवर हात ठेवून प्लेट पुसून होईपर्यंत उभी राहिली. मग त्याच्या हातातून प्लेट घेतली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि ड्रममध्ये टाकली.

जुनी गिऱ्हाइकं हसली. नव्यांना जुन्यांनी सांगितलं.

आज कोपऱ्यावर सगुणाबाई आहे. योगीराज शेजारी टिकला नाही, दोन गाड्या सोडून आत गेला. चुकलो असं तो अजून म्हणालेला नाही. मी एकदा म्हणालो, आक्का, त्याच्याकडून ते वदवून घेऊ. ती म्हणाली, “नको. चुकलो म्हणला तर मला त्याला सोडावं लागंल.”

अपेक्षा दर रविवारी येते. रांगेत उभी राहते. तिचा नंबर आला की सगुणाबाई तिच्या मागच्याला विचारते, “काय देऊ?” ती बिचारी रांग संपेपर्यंत उभी राहते आणि जाते. बिचारी हा शब्द मी खोडणार होतो, पण राहू द्या, सगुणाबाईला वाचून दाखवीन तेव्हा ती खोडेल. मी विचारलं होतं, किती दिवस असं? “रस्ता वलांडून पलीकडं गेली व्हती. वापस यायला येळ लागतोच,” ती म्हणाली.

पोचा आलेला डबा आता सगुणाबाईच्या गाडीलाच साखळीनं अडकवलाय. या वेळी अपेक्षानं मोबाईलवर नोंद करायच्या आधी माझ्यामार्फत परवानगी मागितली. सगुणाबाईनं दिली, एका अटीवर. त्या पानावर योगीराजनं काय केलं, मुंजाजीनं काय केलं आणि अपेक्षानं काय केलं, हे सगळं मराठीत लिहायचं, आणि ते अपेक्षानंच लिहायचं. लिहिलंय. नावासकट.

तेव्हा माझं तुमच्याकडं मागणं एवढंच. परभणीला उतराल तेव्हा चायना टाऊनला या. डबा लपून काढू नका, सगळ्यांदेखत काढा, बाहुली हातात घ्या, कागदावर आपलं पूर्ण नाव लिहा. मग सगुणाबाईकडून प्लेट घ्या, दोन गाड्या सोडून आत जा, आणि योगीराजच्या समोर उभं राहून, त्याच्या डोळ्यांत बघत, शेवटचं शीत संपेपर्यंत सावकाश खा.